सोबत राबणाऱ्यांचा निरोप घेताना

(खरीप शेतकरी मेळाव्यातील भाषण)



बियाणे, खते आणि पाणी यांविषयी तज्ज्ञांनी आपणास चांगली माहिती दिली. मला वेगळा विषय दिला आहे. शेतकऱ्याला बरा न होणारा आजार झाला, तर शेतात सोबत राबणाऱ्या माणसांचा निरोप त्याने कसा घ्यावा, हा तो विषय. मी सध्या त्यातूनच जात आहे. मला जठराचा कर्करोग आहे. आता फक्त दुखणे काबूत ठेवण्याचा उपचार होईल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. म्हणून ऐकीव सांगत नाही, करून पाहिलेले सांगतो.

घरच्यांचा निरोप घेण्याची रीत आपल्याकडे आहे. पण सालगडी, बटईदार, खुरपणीच्या बाया, बैलांच्या सावडीतला शेजारी यांच्याबरोबर आपला दिवस घरच्यांपेक्षा जास्त जातो. त्यांना मात्र मालकाच्या आजाराची बातमी पारावर कळते. पुढच्या साली काम मिळेल का, उचलीचे काय होणार, या काळजीत ते राहतात आणि आजारी माणसाला विचारायला संकोचतात. म्हणून निरोप म्हणजे नुसते गोड बोलणे नव्हे. हिशेब, शेताची माहिती आणि उद्याची सोय या तीन गोष्टी त्यात आल्या पाहिजेत.

सांगावे केव्हा?

बांधावर चालत जाता येते तोवर सांगावे. आधी घरात बोलावे, मग सर्वांना एका दिवशी, एका ठिकाणी सांगावे. आजाराचे नाव घ्यावे. कर्करोग शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने लागत नाही, हेही सांगावे. माझ्याकडच्या बाया माझ्या तांब्याने पाणी प्यायला कचरत होत्या. सांगितल्यावर ते थांबले.

सालगड्याचे साल पाडव्याला फिरते. त्यामुळे त्याला पाडव्याच्या पुरेसे आधी सांगणे हे आपले कर्तव्य आहे. मी माघातच सांगितले. चौदा वर्षे माझ्याकडे राहिलेल्या त्या माणसाने पाडव्यापासून दुसरीकडे साल धरले. मला वाईट वाटले. पण त्याला दोन मुले शिकवायची आहेत आणि त्याने योग्य तेच केले. जाण्याआधी तो माझ्या मुलाबरोबर आठ दिवस शेतभर फिरला.

हिशेब

१. उचल, मजुरी, बटईचा वाटा आणि उसने बियाणे एका वहीत लिहावे. ज्याचा त्याला वाचून दाखवावे आणि दोघांनी सही किंवा अंगठा करावा.

२. राहिलेली मजुरी आपल्या हाताने द्यावी. मजुराला वारसांच्या दारी हेलपाटे घालायला लावू नयेत.

३. उचलीपोटी माणूस अडकवून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार कायद्याने गुन्हा आहे. ही गोष्ट मुलांना समजावून सांगावी. फिटण्यासारखी नसलेली उचल सोडून द्यावी आणि तसे वहीत लिहावे.

४. कोणाला बैल, गाय किंवा काही रक्कम द्यायची इच्छा असेल तर शक्यतो हयातीतच द्यावी. मृत्युपत्र करायचे तर साध्या कागदावर चालते, मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्याला काही द्यायचे आहे त्याला साक्षीदार करू नये. जमिनीवरील वारस नोंदीसाठी वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे, हेही घरात सांगून ठेवावे.

शेताची माहिती

सातबाऱ्यावर क्षेत्र असते, पण पाइपलाइन कोठून गेली, पंपाची केबल कोणत्या बांधाखाली आहे, विहिरीचा झरा कोणत्या अंगाला आहे, पाणी कोणत्या कोपऱ्यात साचते, हे त्यावर नसते. ते आपल्या आणि गड्याच्या डोक्यात असते. दोघांनी मिळून पुढच्या माणसाला शेत फिरवून दाखवावे व कच्चा नकाशा काढावा.

घरचे सोयाबीन बियाणे ठेवले असेल तर उगवण चाचणी पुढच्या माणसाच्या हातून करून घ्यावी. सरसकट घेतलेले शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. सत्तर किंवा अधिक उगवले तर एकरी तीस किलो बियाणे पुरते. कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे. यंदा ही मोजणी माझ्या सुनेने केली.

उद्याची सोय

खुरपणीच्या बायांपैकी एकीने मला विचारले, "भाऊ, पुढल्या खुरपणीला हाक कोण मारणार?" प्रश्न रोखठोक होता आणि तोच महत्त्वाचा होता. मी म्हणालो, "सूनबाई मारील." त्या आठवड्यापासून मजुरी तिच्या हातून वाटतो, मी शेजारी बसतो. कारभार असा आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या हाती गेला म्हणजे मागे भांडण राहत नाही.

शेवटी आभार मानावेत, पण मोघम नव्हे. कोणत्या साली कोणी रात्रीचे पाणी दिले, कोणी आजारी बैलाजवळ रात्र काढली, ते नाव घेऊन सांगावे. माणसाला ते पैशापेक्षा जास्त दिवस पुरते.

भेटायला जाणाऱ्यांनी

आपल्याबरोबर राबलेला कोणी असा आजारी असेल तर टाळू नका. "काही होत नाही, बरे व्हाल" असे म्हणू नका. त्याला खरे माहीत असते. थोडा वेळ बसा आणि शेतातल्या बातम्या सांगा. दुखणे फार असेल तर जिल्हा रुग्णालयात वेदनाशमन उपचाराची चौकशी करायला घरच्यांना सांगा. आजार बरा होत नसला तरी वेदना बहुधा कमी करता येतात. त्या मुकाट्याने सोसण्यात काही मोठेपणा नाही.

बंधू-भगिनींनो, पेरणीची तयारी आपण पावसाआधी करतो. ही तयारीही तशीच वेळेवर करावी. आजार नसलेल्यांनीही हिशेबाची वही आणि शेताचा नकाशा याच हंगामात तयार करावा. पुढच्या मेळाव्याला मी असेन असे वाटत नाही.  सर्वांना रामराम.