यंदा फॉर्म मुलांनी भरावा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील मनोगत)

पंचवीस वर्षांचं कौतुक झालं, आता माझी एक चूक सांगतो.

आपली पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म द्यायचा. सेक्रेटरी असताना मी तो दोनदा भरला. दोन्ही वेळा ज्येष्ठांसाठी बाकं मागितली.

नंतर एकदा आपल्या वॉचमनची मुलगी म्हणाली, "काका, बस स्टॉपपासून गेटपर्यंत दिवे नाहीत. क्लासहून येताना मी पळतच येते." मला पत्ताच नव्हता. मी गाडीने येतो ना!

सोसायटीच्या सभेत मत सभासदालाच, हे मान्य. पण महापालिकेला काम सुचवायला फ्लॅट नावावर असावा लागत नाही. अठराव्या वर्षी मतदान करता येतं, एकविसाव्या वर्षी नगरसेवकपदासाठी उभं राहता येतं. आपण मात्र पोरांना बोलावतो ते गणपतीत खुर्च्या मांडायला!

म्हणून विनंती, यंदा फॉर्म भरायला मुलांना बसवू. भाडेकरूंची, वॉचमनची, कामाला येणाऱ्या ताईंचीही मुलं हवीत. आपण चहा करू, आणि ऐकू.

पहिली ओळ दिव्यांची.