पहिली नोकरी आणि एक पानाचा बायोडाटा
(विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरातील भाषण)



माझा विषय लहान आहे, पण पुष्कळांच्या पोटापाण्याचा आहे. आपल्यातील अनेक मुले व्यायामशाळेत घाम गाळतात. त्यांतील काहींना जिममध्ये पर्सनल ट्रेनर व्हायचे असते. मात्र अर्ज करायची वेळ आली की ती अडतात. "सर, अनुभवच नाही, तर बायोडाट्यात लिहायचे काय?" असे विचारतात.

मीही असाच अडलो होतो. माझ्या पहिल्या बायोडाट्यात मी छाती ४२ इंच, दंड १५ इंच असे लिहिले होते आणि उघड्या अंगाचा फोटो जोडला होता. जिमच्या मालकांनी तो पाहिला आणि विचारले, "उद्या साठीचे एक गृहस्थ आले, त्यांचा गुडघा दुखतो. पहिल्या दिवशी काय करशील?" मला उत्तर देता आले नाही. नोकरी गेली. खरे म्हणजे त्याआधी दोन वर्षे मी आमच्या चाळीतील मुलांचा कबड्डीचा सराव घेत होतो. आधी अंग गरम करून घेणे, कोणाचा पाय मुरगळला तर त्याला बाजूला बसवणे, हे सगळे करत होतो. पण ते मी कागदावर लिहिलेच नाही. ते काम आहे असे मला वाटलेच नव्हते!

मित्रांनो, माझे सांगणे एवढेच आहे. जिमवाला तुमचे शरीर नोकरीला ठेवत नाही. दुसऱ्याच्या शरीराची काळजी घेऊ शकेल असा माणूस तो शोधत असतो. म्हणून तुम्ही दुसऱ्यांसाठी काय केले, ते लिहा.

"कबड्डीची आवड" असे लिहिल्याने काहीच कळत नाही. त्याऐवजी "वस्तीतील १४ मुलांचा आठवड्यातून ४ दिवस, असा २ वर्षे सराव घेतला" असे लिहा. आखाड्यात नव्या मुलांना बैठका शिकवल्या असतील, शाळेच्या क्रीडादिनी मदत केली असेल, तर तेही आकड्यांसह लिहा. आकडा मात्र खरा हवा. ६ महिन्यांची ३ वर्षे करू नका. मुलाखतीत दोन प्रश्नांत खोटे उघडे पडते आणि मग खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्रांची. शारीरिक शिक्षणाची पदवी असेल तर उत्तमच. आपल्या अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून या क्षेत्रात आहे. पदवी नसेल तर फिटनेस ट्रेनरचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करा. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज या १९८५ साली स्थापन झालेल्या संस्थेची परीक्षा देणाऱ्याला वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि सीपीआरचे, म्हणजे हृदय बंद पडल्यास छाती दाबून द्यायच्या प्रथमोपचाराचे, चालू मुदतीचे प्रमाणपत्र लागते. यावरून सीपीआरचे महत्त्व ओळखा. रेडक्रॉस किंवा सेंट जॉन अॅम्ब्युलन्सकडे प्रथमोपचार शिकता येतात. फी भरण्यापूर्वी प्रमाणपत्र कोण देते आणि ते कुठे चालते, याची चौकशी करा. बायोडाट्यात संस्थेचे नाव, वर्ष आणि मुदत लिहा. अभ्यासक्रम अपुरा असेल तर "चालू आहे" असे स्पष्ट लिहा.

आता त्या गुडघ्याच्या प्रश्नाचे उत्तर सांगतो. व्यायाम सुरू करण्यापूर्वी सभासदाला हृदयविकार, छातीत दुखणे, चक्कर, हाडासांध्यांचा त्रास याविषयी विचारायची एक प्रश्नावली असते. तिला "पार-क्यू" म्हणतात. एखाद्या प्रश्नाला "होय" असे उत्तर आले, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगायचे. हे तुम्ही शिकला असाल तर बायोडाट्यात एक ओळ जरूर लिहा. मात्र "मधुमेह बरा करतो" असले काही लिहू नका. ते डॉक्टरांचे काम आहे.

बायोडाटा एकाच पानाचा असावा. वर नाव, मोबाइल नंबर आणि साधा ईमेल पत्ता. "दबंग", "किंग" असली नावे ईमेलला नकोत. मग दोन ओळींत तुम्हाला कोणते काम हवे आणि तुमच्याजवळ काय आहे, ते सांगा. त्याखाली प्रमाणपत्रे, अनुभव, शिक्षण आणि भाषा. मराठी, हिंदी आणि कामापुरते इंग्रजी येत असेल, तर तो गुणच आहे. जिममध्ये सकाळी आणि संध्याकाळी गर्दी असते. "सकाळी साडेपाचला हजर राहू शकतो" ही ओळ मालकाच्या नजरेत भरते.

जुन्या बायोडाट्यात धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय असे रकाने असत. खासगी जिमच्या अर्जात त्यांची गरज नाही. ते गाळण्यात लपवाछपवी नाही. व्यायाम शिकवण्याशी त्यांचा संबंधच नाही. पत्ता म्हणून भाग आणि शहर पुरे.

मुलींना माझे विशेष सांगणे आहे. स्त्री-ट्रेनरच हवी असे म्हणणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. घरातून विरोध झाला तर आईला एकदा जिम दाखवायला घेऊन जा.

शेवटी एक काम देतो. आज घरी गेल्यावर कोरा कागद घ्या आणि तुम्ही आजवर कोणाकोणाला काय शिकवले, त्याची यादी करा. चार ओळी नक्की निघतील. तोच तुमचा अनुभव. बायोडाटा झाला की मराठीच्या किंवा इंग्रजीच्या शिक्षकांकडून तपासून घ्या आणि मगच पाठवा.