निलगिरीच्या सावलीत

मेलबर्नपासून सुमारे ३५ किलोमीटरवर डँडेनॉंग डोंगररांगेत बेलग्रेव्ह हे उपनगर आहे. उतारावर घरे, भोवती नेचे आणि निलगिरीच्या जातीचे उंच वृक्ष. सर्दी झाली की आपण निलगिरीच्या तेलाचा वाफारा घेतो. तसेच तेल या पानांत असते. उन्हाळ्यात तेच आग भडकवते. १६ फेब्रुवारी १९८३ च्या वणव्यांत व्हिक्टोरिया व दक्षिण ऑस्ट्रेलियात मिळून ७५ माणसे गेली. बेलग्रेव्हच्या आसपासही घरे जळाली. म्हणून तिथे उन्हाळ्यापूर्वी पन्हळींतला पालापाचोळा काढतात. डॉक्टर म्हणून मला हे पटते: आधी पथ्य, मग औषध. आपली मुले तिकडे असतील, तर डिसेंबरात फोनवर एवढे जरूर विचारा: पन्हळी साफ केल्या का? वणव्याचा धोका दिसताच कुठे जायचे, हे ठरले का?