शाळेतील हिंसा आणि विश्वासाचा माणूस



नववीच्या वर्गात मारामारी झाली की मोठ्यांना पहिल्याने आठवतो तो धाक. पालकांना बोलावणे जाते, गावातील वजनदार माणसाकडून मुलांना चार शब्द सुनावले जातात आणि प्रकरण मिटले असे मानले जाते. ते खरोखर मिटते काय, याची मोजदाद सहसा कोणी ठेवीत नाही.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ती ठेवली गेली. वाट चुकलेल्या मुलांना राहवे येथील तुरुंगात नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दरडावून घेण्याचा उपक्रम तेथे १९७६ साली सुरू झाला. त्यावरील १९७८ च्या माहितीपटाला ऑस्कर पारितोषिक लाभले. इतर राज्यांनी अनुकरण केले. पुढे जेम्स फिंकेनॉवर या अभ्यासकाने तुरुंगात नेलेल्या आणि न नेलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा नेलेल्यांपैकी शेकडा ४१ मुलांकडून पुन्हा गुन्हा घडल्याचे आढळले. न नेलेल्यांत हे प्रमाण शेकडा ११ होते. अशा नऊ प्रयोगांचा २००२ साली जो एकत्रित आढावा घेण्यात आला, त्याचा निष्कर्षही असाच निघाला. धाकाने लाभ तर झाला नाहीच, उलट हानी झाली.

धाकाऐवजी शाळेतच मुलांचे ऐकून घेण्याची सोय केली तर? गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ‘सेहेर’ या नावाने हा प्रश्न कसोटीला लावला. ७५ शासकीय माध्यमिक शाळांचे यदृच्छया तीन गट पाडण्यात आले. एका गटात प्रत्येक शाळेस प्रशिक्षण दिलेला एक समुपदेशक मिळाला. हा कोणी मानसतज्ज्ञ नव्हे, साधा सुशिक्षित माणूस. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतील एका शिक्षकाकडे सोपविले. तिसऱ्यात यातले काही नव्हते. कार्यक्रम साधाच होता: भित्तिपत्रक, स्पर्धा, मनातले लिहून टाकण्यासाठी पेटी, गटचर्चा आणि ज्याला गरज असेल त्याच्याशी एकांतात बोलणे.

‘लॅन्सेट’ नियतकालिकात २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. समुपदेशकाच्या शाळांत दांडगाई घटली, मारणे आणि मार खाणेही घटले. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही!

याचा दोष शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. अध्यापन, परीक्षा आणि नाना प्रकारची सरकारी कामे सांभाळून उरलेल्या वेळात हे जमणे कठीण. दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. गुण देणारा आणि शिक्षा करणारा माणूस तोच असेल, तर त्याच्याविषयीची चिठ्ठी मूल पेटीत कशी टाकील? शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेस मनाई केली आहे, परंतु छडी सर्वत्र थांबलेली नाही, हे कबूल करावयास हवे.

महाराष्ट्रातील शाळांत तक्रारपेटी बसविण्याचे शासनाचे आदेश आहेत. पेटीची किल्ली कोणाकडे असते, ती कधी उघडली जाते, चिठ्ठीवर काय कार्यवाही झाली याची नोंद शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात होते काय, एवढी चौकशी पंचायत सदस्यांना पुढील बैठकीतच करता येईल.