निवृत्ती : काय सोडावे, काय राखावे

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत ज्येष्ठ शल्यविशारदांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभराच्या कार्याचा आढावा कार्यवाहांनी आकडेवारीसह आपल्यापुढे ठेवला आहे. त्यामुळे मला दिलेला वेळ मी एका वेगळ्या विषयासाठी वापरू इच्छितो. येत्या दोन-तीन वर्षांत आपल्या संस्थेतील अनेक जुनी माणसे वयोमर्यादेला पोहोचत आहेत. त्यांत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, स्वयंपाकघर आणि धुलाई विभाग सांभाळणाऱ्या मावशी आहेत आणि मीही आहे. मुदतवाढ मागावी की थांबावे, हा प्रश्न आम्हा सर्वांपुढे आहे. तो प्रत्येकाने घरी बसून एकट्याने सोडवावा, असे मला वाटत नाही. म्हणून तो येथे मांडतो.

निवृत्तीचे वय ही निसर्गाने आखलेली रेषा नव्हे. जर्मनीत बिस्मार्क यांच्या काळात, १८८९ साली, वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा झाला. त्यात वयाची अट ७० वर्षे होती. १९१६ साली ती ६५ वर आली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय १९९८ साली ५८ वरून ६० करण्यात आले. हे आकडे त्या त्या काळच्या सोयीने ठरले आहेत. म्हणूनच तो आकडा गाठला म्हणून माणूस एका रात्रीत निकामी होत नाही, आणि तो वाढवून मिळाला म्हणून समर्थ राहीलच, असेही नाही.

वयाच्या ५८ व्या वर्षी नवे काम आरंभणारी माणसे आपल्याला ठाऊक आहेत. महर्षी धोंडो केशव कर्वे १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. मदुराईचे नेत्रशल्यविशारद डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी १९७६ साली शासकीय सेवेतून निवृत्त झाले व त्याच वर्षी त्यांनी ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. तरुणपणीच संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती. त्याच बोटांनी शस्त्र धरण्याचा सराव करून ते शस्त्रक्रिया शिकले होते. या दोघांनीही जुने पद मागे ठेवले आणि काम मात्र पुढे नेले. त्यांची उदाहरणे देऊन मुदतवाढ मागणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घ्यावा.

दुसरे उदाहरण कटू आहे. तथापि शल्यविशारदांनी ते विसरू नये. फर्डिनांड झाउअरब्रुख हे जर्मनीतील थोर शल्यविशारद. फुप्फुसे मिटू न देता छाती उघडता यावी, यासाठी कमी दाबाचा कक्ष वापरण्याची त्यांची पद्धत १९०४ सालची. पुढे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. उतारवयात त्यांची स्मृती आणि विवेक ढासळू लागले. भोवतालच्यांना ते दिसत होते, पण त्या नावाच्या दबदब्यापुढे स्पष्ट बोलण्यास फार विलंब झाला. १९४९ साली त्यांना पद सोडावे लागले. त्यानंतरही ते खाजगी रीतीने शस्त्रक्रिया करीत राहिले आणि त्याची झळ रुग्णांना सोसावी लागली. १९५१ साली त्यांचे निधन झाले. ज्याची शक्ती उणावते त्यालाच ते सर्वांत शेवटी कळते, हा या कथेचा बोध होय.

मग ठराविक वयानंतर प्रत्येक शल्यविशारदाने हातमोजे उतरवावेत काय? अभ्यास असे सरळ उत्तर देत नाहीत. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही अवघड शस्त्रक्रियांत साठीपुढच्या शल्यविशारदांच्या रुग्णांचा मृत्युदर अधिक आढळला. परंतु हा फरक मुख्यतः अशा शस्त्रक्रिया क्वचित करणाऱ्यांत होता. २०१८ सालच्या तेथीलच एका मोठ्या अभ्यासात वयस्क शल्यविशारदांच्या रुग्णांचा मृत्युदर किंचित कमी आढळला. दृष्टी, चपळाई आणि रात्रीच्या जागरणाची ताकद वयाबरोबर घटते. परंतु किती घटते, हे माणसागणिक बदलते. म्हणून वयाकडेच नव्हे, तर माणसाकडे आणि त्याच्या चालू सरावाकडे पाहावे लागते, आणि हे पाहणारी नजर दुसऱ्या कुणाची तरी असावी लागते.

माझ्या मते काम करावे की थांबावे, असे या प्रश्नाचे दोनच पर्याय करणे चुकीचे आहे. आपले काम अनेक पदरांचे असते. त्यात पद असते, हातांचे कौशल्य असते आणि अनुभवातून आलेली पारख असते. यांपैकी पद सर्वांत आधी सोडावे, कारण ते आपण अडविले तर मागच्याची वाढ खुंटते. हाताचे काम सोडण्याची वेळ त्यानंतर येते. पारख मात्र बराच काळ उपयोगी पडते. पोट दुखणाऱ्या रुग्णापुढे बसून शांतपणे त्याची हकीकत ऐकणे, शस्त्रक्रिया टाळता येईल काय हे तरुण सहकाऱ्याबरोबर ठरविणे, यांसाठी रात्रभर उभे राहावे लागत नाही. प्रत्यक्षात आपण बहुधा उलट क्रमाने वागतो. रुग्ण तपासणे कमी होत जाते आणि खुर्ची मात्र अखेरपर्यंत सुटत नाही. केंद्र सरकारने २०१६ साली केंद्रीय आरोग्य सेवेतील डॉक्टरांचे निवृत्तीचे वय ६५ केले. पुढे मात्र वयाच्या ६२ नंतर प्रशासकीय पद सोडून केवळ वैद्यकीय काम करावे, असे ठरविण्यात आले. या नियमामागील दृष्टी मला योग्य वाटते.

येथे एक अडचण आहे. मोठ्या शहरात एक शल्यविशारद थांबला तर दुसरा उपलब्ध असतो. आपल्यासारख्या गावी तो थांबला, तर अपरात्री आतड्याला पीळ पडलेल्या रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागते, आणि तेवढा वेळ त्याच्यापाशी असतोच असे नाही. म्हणून मागचा माणूस तयार न करता निघून जाणे, हेही कर्तव्यात कसूर करण्यासारखेच आहे. थांबण्याचा निर्णय थांबण्याच्या दोन-तीन वर्षे आधी करावा लागतो, तो याच कारणासाठी.

दुसरी गोष्ट आपल्या मावशी, वॉर्डबॉय आणि परिचारिका यांच्याविषयी. 'काय सोडावे' हा विचार ज्यांची चूल निवृत्तीनंतरही पेटणार आहे त्यांना परवडतो. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखालील किमान मासिक रक्कम २०१४ साली १००० रुपये ठरविण्यात आली. अशा तुटपुंज्या रकमेच्या भरवशावर राहणाऱ्या मावशी मुदतवाढ मागतात, तेव्हा त्यांना मोह सुटत नाही, असे कुणी म्हणू नये. त्यांच्या पाठीला आता रुग्ण उचलणे झेपत नाही. परंतु नोंदणी खिडकीपाशी बसून गोंधळलेल्या नातेवाइकाला वाट दाखविणे त्यांना निश्चित झेपेल.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे मी तीन विनंत्या ठेवतो. वयोमर्यादेच्या दोन वर्षे आधी प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणे व्हावे. मुदतवाढ एकेका वर्षाची असावी, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या बाबतीत भूलतज्ज्ञ व शस्त्रक्रियागृहातील परिचारिका यांचे मत गोपनीय रीतीने घ्यावे. ज्येष्ठांच्या हाताविषयी त्यांना जे दिसते ते आदरापोटी त्या बोलून दाखवीत नाहीत. तिसरी विनंती अशी की, ज्यांना अंगमेहनत झेपत नाही त्यांच्यासाठी हलक्या कामाच्या काही जागा राखून ठेवाव्यात.

हे नियम दुसऱ्यांसाठी सुचवून स्वतः बाजूला राहणे मला शोभणार नाही. मंडळाने मला सन्मानाने तीन वर्षांची मुदतवाढ देऊ केली आहे. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. तथापि ती मी जशीच्या तशी स्वीकारू शकत नाही. येत्या ३१ मार्चला मी विभागप्रमुखपद सोडीन. पुढील एक वर्ष माझे तरुण सहकारी मुख्य शल्यविशारद म्हणून शस्त्रक्रिया करतील आणि मी त्यांचा मदतनीस म्हणून समोरच्या बाजूला उभा राहीन. त्यानंतर शस्त्रक्रियागृहात माझे काम उरणार नाही. माझे हात आज स्थिर आहेत. ते स्थिर नाहीत, ही पहिली सूचना मला एखाद्या रुग्णाच्या देहावरून मिळावी, अशी वेळ मी येऊ देऊ इच्छित नाही. बाह्यरुग्ण विभागात आठवड्यातून दोन दिवस बसण्याची परवानगी मात्र मंडळाने मला द्यावी. तीही दर वर्षी तपासून पाहावी आणि योग्य वाटेल तेव्हा निःसंकोचपणे काढून घ्यावी.