बायकांना जागा देणारं चर्च

गटाची बैठक कुठे घ्यायची, हा प्रश्न आपल्यातल्या बहुतेकींना पडलेला असतो. कुणाच्या ओसरीवर, नाहीतर शाळा सुटल्यावर वर्गात. आज अशाच एका जागेबद्दल सांगते. ती आहे अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स नावाच्या छोट्या गावात.

मेथडिस्ट हा ख्रिस्ती लोकांमधला एक पंथ. अमेरिकेत तेव्हा काळ्या माणसांना गुलाम म्हणून विकत घेत. त्याविरुद्ध ठाम बोलायला पंथातली वडीलधारी मंडळी कचरत होती. तेव्हा काही जण 1843 साली बाहेर पडले आणि वेस्लियन मेथडिस्ट म्हणून वेगळे झाले. त्यांनी सेनेका फॉल्समध्ये विटांचं साधंसं चर्च बांधलं. गुलामगिरीविरुद्ध बोलणाऱ्यांना तिथे दार उघडं असे.

म्हणून 1848 च्या जुलैमध्ये बायकांच्या हक्कांची सभा भरवायची ठरली, तेव्हा याच चर्चने जागा दिली. गंमत बघा, 19 जुलैला सकाळी बायका जमल्या, तर दाराला कुलूप! एलिझाबेथ कॅडी स्टँटन या सभा बोलावणाऱ्यांपैकी एक. त्यांच्या छोट्या भाच्याला खिडकीतून आत सोडलं आणि दार उघडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पुरुषही आले. मग अध्यक्ष कोण? पुरुषांसमोर त्या खुर्चीत बसायला बाई धजेना. शेवटी ल्युक्रिशिया मॉट यांचे पती जेम्स बसले. आपल्या ग्रामसभेत हे काही नवं नाही!

कमाईवर आपला हक्क, शिक्षण, सगळं ठीक होतं. मताचा हक्क मागायचा म्हटल्यावर मात्र पुष्कळजणी बिचकल्या. तेव्हा फ्रेडरिक डग्लस उठले. ते स्वतः गुलामीतून पळून सुटलेले. त्यांनी जोर लावला आणि ठराव मंजूर झाला. 68 बायका आणि 32 पुरुषांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या. वर्तमानपत्रांनी टिंगल केल्यावर काहींनी नावं मागे घेतली, तेही खरं.

त्याच 1848 साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. पुढे 1873 मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना.

चर्चचं पुढे काय झालं? मंडळींनी नवं चर्च बांधून ही इमारत विकली. तिथे नाटकं झाली, सिनेमे लागले, मोटारींचा धंदा चालला, शेवटी तर कपडे धुण्याची लाँड्री निघाली! 1985 साली सरकारने ती विकत घेतली, तेव्हा जुन्या भिंतींचे आणि छताचे थोडेच भाग उरले होते. ते जपून आता तिथे स्मारक केलं आहे.

सही करणाऱ्यांत शार्लट वुडवर्ड नावाची तरुण मुलगी होती. घरी बसून हातमोजे शिवायची. अमेरिकेतल्या बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला 1920 मध्ये. सह्या करणाऱ्या बायकांपैकी तेव्हा ती एकटीच हयात होती. पण मतदानाच्या दिवशी ती आजारी होती, मत द्यायला जाऊ शकली नाही.