बाळाचे बूट : आधी अस्तर बघा



आमच्या बचत गटात आम्ही रांगणाऱ्या आणि नुकत्याच चालू लागलेल्या बाळांचे कापडी बूट शिवतो. गिऱ्हाईक रंग आणि चमक बघून जवळ येतं. पण बाळाच्या पायाला लागतं ते आतलं अस्तर. घाम येतोय, टोचतंय, हे बाळाला सांगता येत नाही. म्हणून ते आपणच बघायचं.

अस्तराला आम्ही सुती कापडच घेतो, मऊ धुतलेला मांजरपाट किंवा फ्लॅनेल. सूत घाम शोषून घेतं. पॉलिस्टर फारसं शोषत नाही आणि रेक्झिनमधून हवा खेळत नाही. मग पाय ओला राहतो, बोटांच्या बेचक्यात कातडी लाल होते.

दुकानदार सुती म्हणाला तरी पारखून घ्या. कापडाचे चार धागे ओढा, चिमट्यात धरून बशीवर जाळा. पदर सावरा, जवळ पाणी ठेवा. सूत कागदासारखं जळून मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि गार झाल्यावर कडक मणी उरतो. रंगही तपासा. ओली पांढरी चिंधी कापडावर घासा. चिंधीला रंग लागला तर ते कापड नको, कारण बाळ बूट तोंडात घालतं.

वरच्या बाजूला कॅनव्हास किंवा जुन्या जीन्सचा धड भाग चालतो. कोरं सुती कापड धुतल्यावर आटतं, म्हणून आधी भिजवून, वाळवून मगच बेता. तिरपं कापू नका. ताणलं जाऊन बुटाचा आकार जातो. कापडी तळ फरशीवर घसरतो. चालणाऱ्या बाळाच्या बुटाला खाली पातळ, सहज वाकणारं रबर लावा. मणी, टिकल्या नकोत. त्या निघाल्या तर घशात अडकतील.

माप घेताना बाळाला कागदावर उभं करून पाऊल आखा. सगळ्यांत लांब बोटाच्या पुढे साधारण 1 सेंटिमीटर जागा सोडा. पाय भराभर वाढतो, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी माप पुन्हा बघा.

सुती अस्तराचा जोड थोडा महाग पडतो. बाजारात घासाघीस होतेच. तेव्हा आम्ही म्हणतो, "ताई, आत बोट घालून बघा." तरीही दर उतरवायचा झाला, तर आम्ही वरची झालर काढतो, पण अस्तर बदलत नाही.